पाण्याचा एक थेंब टाका, मग ठरवा

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंहगड रोडवरचा नऊ वर्षांचा फ्लॅट. चार ठिकाणी टवके उडालेत. ओट्याच्या काळ्या ग्रॅनाइटची सिंकजवळची कड, तिथे कुकर आपटून नखाएवढी कपची निघाली आणि ताईंनी ती डबीत जपून ठेवली आहे. बेडरूममधल्या लाकडी नक्षीच्या दोन टाइल्स. वॉशबेसिनचा काठ. आणि वॉर्डरोबच्या शटरचा सनमायका. घरी बघायला आलेल्या माणसाने सगळ्याचे मिळून साडेसात हजार सांगितले. दीर म्हणतात, एम-सील लावून टाका, कशाला पैसे घालवता. ताईंना व्हिडिओ बघून वाटतंय की एका रविवारी सगळं घरीच उरकेल. तर ऐकायचं कुणाचं?

ताई, तिघांचंही थोडं थोडं. बेसिन आणि टाइल तुम्ही स्वतः करा. ग्रॅनाइटची कपची जागेवर चपखल बसत असेल तर तीही तुम्हीच चिकटवा. बसत नसेल तर तिथे घरचे प्रयोग नकोत, माणूस बोलवा. सनमायक्याचं खाली सांगतो. एम-सील चांगली वस्तू आहे, पाइपाला लावायची. या चारपैकी एकाही जागेचं ते औषध नाही.

मी पुण्यात सव्वीस वर्षं हेच काम करतोय. मामांच्या हाताखाली पॉलिश मशीनचा राडा ओढण्यापासून सुरुवात केली, आता धायरीपासून धानोरीपर्यंत फिरतो. माझ्याकडे येणारी निम्मी कामं टवक्याची नसतातच, टवक्यावर आधी कुणीतरी केलेल्या उपायाची असतात. फेविक्विकचे थर, व्हाइट सिमेंटचे ठिपके, काळ्या मार्करने रंगवलेली खाच. टवका भरायला अर्धा तास आणि आधीचं खरवडायला दोन तास. म्हणून मला कुणी विचारलं, घरी करू का, तर मी आधी विचारतो: बिघडलं तर परत काढता येईल असं करणार आहात का?

पण त्याच्याही आधी एक थेंब पाणी.

ओट्यावरची जागा आत्ता पांढुरकी दिसत असेल. काळ्या दगडातून पांढरं कसं निघालं, असं प्रत्येक घरात विचारतात. रंग गेलेला नसतो. दगड फुटतो तिथे त्याचे कण चुरडतात, जागा खडबडीत होते, उजेड सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. बोटाने तिथे पाण्याचा थेंब ठेवा. पांढरेपणा जागच्या जागी विरघळल्यासारखा जाईल आणि खाली काळा दगड दिसेल. थेंब वाळला की पुन्हा पांढरं. पाण्याने जे घटकाभर केलं तेच पारदर्शक इपॉक्सी (दोन ट्यूब मिसळल्या की घट्ट होणारा चिकटा, अराल्डाइट त्यातलंच) कायमचं करतं. त्यामुळे काळ्या ग्रॅनाइटवरचा बारीक टवका अनेकदा रंग न घालता, नुसत्या पारदर्शक इपॉक्सीने झाकला जातो.

आता तोच थेंब बेडरूमच्या टाइलवर टाका. तिथला टवका ओला झाला तरी फिकटच राहील. ती टाइल वरून सागवानी आहे, आतून नाही. आत फिकट रंगाचं भाजलेलं अंग, त्यावर छापलेली सागाची नक्षी, नक्षीवर काचेसारखा लुकणाचा, म्हणजे ग्लेझचा थर. नक्षी आणि लुकण मिळून एक मिलिमीटरही भरत नाही. बाथरूमच्या भिंतीवरची सिरॅमिक टाइल असेल तर थेंब बघता बघता आत शोषला जाईल, कारण तिचं अंग सच्छिद्र असतं, वजनाच्या दहा टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकतं. फरशीची व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्कासुद्धा पीत नाही.

सनमायक्यावर मात्र हा थेंबाचा प्रयोग करू नका. कारण खाली येईलच.

मी माझ्यापुरते दोन शब्द ठरवले आहेत: एकजीव आणि कातडीचं. ग्रॅनाइट, संगमरवर, कोटा, कडप्पा, शहाबादी फरशी हे एकजीव. वर जे आहे तेच आत. छापील टाइल, बेसिन, सनमायका, ऑइलपेंट मारलेलं दार हे कातडीचं. डबल चार्ज टाइल मधली, तिचा रंगीत थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, म्हणजे जाड कातडीची. एकजीव वस्तूचा टवका भरून, घासून, तिच्याच चमकेला आणता येतो. इथे कारागिराला पैसे देण्यात अर्थ आहे, कारण घासणं आणि चमक काढणं घरी होत नाही. कातडीची वस्तू मात्र कुणालाच पूर्ववत करता येत नाही, मलाही नाही. गेलेली कातडी परत उगवत नाही. तुम्ही भरलं काय आणि मी भरलं काय, ते सोंगच असतं. सोंग वठवायला सराव लागतो हे खरं, पण नखाएवढं सोंग घरीसुद्धा वठतं.

व्यवहारात लोक नेमकं उलटं करतात. टाइलच्या ठिपक्यासाठी माणूस बोलावतात आणि ग्रॅनाइटची कड स्वतः भरतात.

आता ओटा. सिंकजवळची कडच का फुटते? दगड तिथे सगळ्यात अशक्त असतो. सिंकसाठी खाच कापल्यावर पुढे चार-सहा बोटं रुंदीची पट्टी उरते, आणि कडेला मोल्डिंग करून धार गोल केलेली असते. आपटायला कुकर, मिक्सरचं भांडं, आणि श्रावणापासून दिवाळीपर्यंत नारळ. नारळ ओट्याच्या कडेवर फोडू नका हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी गणपतीनंतर माझे फोन वाढतात. अंगणातला दगड गेला, वरवंटा माळ्यावर गेला, राहिला ओटा.

आधी एक गोष्ट बघा. टवक्यापासून एखादी बारीक रेघ आत जाते का? सिंकच्या कोपऱ्यातून निघून भिंतीकडे जाणारी रेघ असेल तर तो टवका नाही, तडा आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि दोन मिनिटं थांबा. सगळं वाळतं, पण तड्यात पाणी राहतं आणि रेघ गडद दिसते. तडा असेल तर वरून काहीही भरून उपयोग नाही. खालचा आधार सुटलेला असतो, कडप्प्याची उभी पट्टी सरकलेली असते किंवा तिथे ती मुळात दिलेलीच नसते. त्याला माणूसच हवा, आणि त्याने आधी ओट्याखाली वाकून बघितलं पाहिजे. वाकलाच नाही तर त्याला चहा देऊन परत पाठवा.

नुसता टवका असेल आणि कपची डबीत असेल तर तुम्ही नशीबवान आहात. तिच्याइतका जुळणारा रंग जगात कुठल्या डबीत मिळणार नाही. दोन्ही बाजू थिनरने किंवा अॅसिटोनने पुसा. स्वयंपाकघरातल्या दगडावर तेलाचा थर असतोच, डोळ्याला दिसत नाही. गॅस बंद, खिडकी उघडी, हे सांगायला नको. मग एक रात्र पूर्ण वाळू द्या. सकाळी काहीही न लावता कपची नुसती बसवून बघा. ती एकाच पद्धतीने बसते. फिरवून फिरवून ती जागा शोधा आणि पेन्सिलीने एक आडवी खूण करा, म्हणजे चिकटवताना गोंधळ नको. आजूबाजूला मास्किंग टेप लावा.

चिकटवायला अराल्डाइट, संथ सुकणारं. पाच मिनिटांत सुकणारं घाईचं असतं, ओलाव्यात आणि उष्णतेत ते लवकर दम सोडतं. दोन ट्यूबमधून सारख्या लांबीच्या रेघा काढायच्या आणि काडीने दोन-तीन मिनिटं घोटायचं. लोक इथेच चुकतात. पंधरा सेकंद ढवळतात आणि मग महिनाभर म्हणतात चिकट राहिलं, वाळलंच नाही. नीट न मिसळलेलं इपॉक्सी कधीच वाळत नाही. कपचीला अगदी पातळ थर द्या, दाबा, टेपने आवळून ठेवा. कडेने बाहेर आलेलं तिथल्या तिथे थिनरच्या बोळ्याने पुसा. मग चोवीस तास त्या कडेला हात नाही. पुढेही तिथे गॅसवरून उतरवलेला कुकर थेट ठेवायची सवय मोडा, साधं इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतं.

कपची हरवलेली असेल किंवा तिचा भुगा झाला असेल, तर कारागीर. तो काय करतो ते सांगतो, म्हणजे पैसे कशाचे ते कळेल. जागा कोरडी करून तो मास्टिक (दगड भरायची राळेची पेस्ट) किंवा इपॉक्सी घेतो, त्यात काळा रंग किंवा त्याच दगडाची पूड घालतो, थोडं उंच भरतो. घट्ट झाल्यावर ग्राइंडरला हिऱ्याची पॅडं लावून आधी भरड, मग बारीक, मग त्याहून बारीक अशी पाच-सात पायऱ्यांनी मोल्डिंगची गोलाई परत आणतो, शेवटी चमक देतो. भरणं हे पाचातलं एक काम. गोलाई आणि चमक हीच खरी मजुरी. हाताने वॉटर पेपर घासून गोलाई येते, चमक येत नाही, उलट आजूबाजूची असलेली चमकही मरते.

यात पाणी वापरतो का, हे आधी विचारा. कोरडं घासलं तर ग्रॅनाइटची जी धूळ उडते तिच्यात सिलिका असते, आणि ती फुप्फुसात जाऊन बसली की निघत नाही. ओटा क्वार्ट्झचा, म्हणजे दगडाची पूड राळेत बसवून केलेला असेल तर आणखी जपायला हवं, त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. ऑस्ट्रेलियाने कामगारांना सिलिकोसिस होतो म्हणून १ जुलै २०२४ पासून तसल्या दगडावर बंदीच घातली. माझे मामा आयुष्यभर तोंडाला उपरणं बांधून कोरडं कापत राहिले. शेवटची वर्षं जिना चढताना प्रत्येक मजल्यावर बसायचे. तेव्हापासून मी घरात कोरडं ग्राइंडर लावत नाही, गिऱ्हाइकाला राडा आवडो न आवडो. आणि तुम्ही भाड्याने ग्राइंडर आणून घरी लावू नका, एवढीच विनंती.

माझी एक चूकही सांगतो. कोथरूडला एका बंगल्यात पश्चिमेच्या मोठ्या खिडकीखाली पांढरा संगमरवर होता, चार-पाच टवके. मी झटपट सुकतं म्हणून मास्टिकने भरले, चमक काढली, मालक खूश. दोन उन्हाळे गेले आणि बाईंचा फोन आला, फरशीवर हळद सांडल्यासारखे डाग आलेत. उन्हाने भरण पिवळं पडलं होतं. इपॉक्सीही उन्हात पिवळं पडतं, पण खिडकीजवळच्या पांढऱ्या दगडाला पिवळं न पडणारं म्हणून वेगळं मिळतं ते मागवायला हवं होतं. पाचही टवके कोरून परत भरले, पैसे घेतले नाहीत. तुमच्याकडे दगड काळा आहे, ही भानगड नाही.

टाइलकडे येऊ. भरण्याआधी एक रुपयाचं नाणं घेऊन टवक्याच्या आजूबाजूला टक-टक करत फिरवा. भरीव आवाज आला तर ठीक. एका जागी मडक्यासारखा पोकळ आवाज आला तर तिथे टाइलखाली माल पोहोचलेला नाही, आणि टवका कशाने उडाला त्याचं उत्तर तेच आहे. सिलिंडर टेकवला आणि पोकळीवरचा कोपरा तुटला. तिथे भरलेलं टिकत नाही, टाइल बदलावी लागते, आणि हे मात्र घरी करायचं काम नाही. शेजारची टाइल न दुखवता मधली काढणं हे माझ्यासुद्धा दहातल्या एका वेळी चुकतं. बदलायचीच झाली तर माळ्यावर बिल्डरने ठेवलेल्या जादा टाइल्स शोधा. बॉक्सवर शेडचा नंबर असतो. त्याच डिझाइनचा माल गुजरातेतल्या मोरबीहून आता नव्याने आला तरी शेड जुळेलच असं नाही.

आवाज भरीव आहे असं धरू. मग हा तुमचा रविवार. बोहरी आळीत किंवा जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात अराल्डाइट, पिवळा, तांबडा आणि काळा ऑक्साइड रंग थोडा थोडा, मास्किंग टेप आणि दाढीच्या ब्लेडचं पाकीट घ्या. टवक्यातली धूळ टूथब्रशने काढा, थिनरने पुसा, वाळू द्या. कडेने टेप. जुन्या डब्याच्या झाकणावर आधी इपॉक्सी घोटा आणि मग त्यात रंग सुईच्या टोकाएवढा घाला. रंग आधी घातला तर दोन ट्यूब नीट मिसळल्या की नाहीत ते कळत नाही.

रंग जुळवायचा तो खिडकीपाशी, दिवसा. ट्यूबलाइटखाली जुळलेला सागवानी सकाळी तपकिरी निघतो. टाइलवरच्या नक्षीत किमान दोन रंग असतात, फिकट पट्टा आणि गडद रेष. फिकटाकडे न जाता मधल्या रंगाच्या किंचित गडद बाजूला राहा. गडद ठिपका लाकडाची गाठ वाटतो, फिकट ठिपका टवकाच वाटतो. मिश्रण टाइलच्याच चांगल्या भागावर राईएवढं लावून दोन पावलं मागे जाऊन बघा, पटलं की पुसून टाका. मग टवक्यात काडीच्या टोकाने खालून वर भरा, बुडबुडा राहू देऊ नका, आणि कणभर उंच ठेवा. भरण अजून ओलं असतानाच आजूबाजूचा टेप सोडवा, वाळल्यावर ओढला तर तो कडेचं भरण घेऊन येतो.

मग वाट बघणं, जे कुणालाच जमत नाही. संथ इपॉक्सी काही तासांनी रबरासारखं होतं. नख रुतलं पाहिजे पण चिकटता कामा नये. उन्हाळ्यात ही वेळ लवकर येते, डिसेंबरात रात्र जाते. त्या वेळी नवं ब्लेड टाइलवर जवळजवळ आडवं धरून उंचवटा एका झटक्यात कापा, खोबऱ्याची पातळ चकती काढतात तसं. भरण टाइलशी समतल होतं. दुसऱ्या दिवशी बारीक ब्रशने गडद रेष ओढा, शेजारच्या नक्षीतून आलेली रेष टवक्यावरून पुढे गेली की डोळा फसतो. पॉलिश पेपर अजिबात लावायचा नाही. टवका तांदळाएवढा असतो आणि पेपराने टाइलवर ओरखडे येतात ते रुपयाएवढे.

बाथरूमच्या जमिनीवरची टाइल असती तर मी आधी टवका नाही, सांधे बघितले असते. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, सांध्यातून पाणी उतरलं की ते खालच्या घराच्या छतावर प्रकट होतं आणि मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव. तिथे इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा इपॉक्सीचा माल, आणि ते करणारा सरावाचा माणूस. ग्राउट पुसायची वेळ चुकली की सगळ्या फरशीवर धुरकट थर बसतो.

मोझॅकचा इथे प्रश्न नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. डेक्कन, एरंडवण्यातल्या जुन्या इमारतींत अजून ती फरशी आहे आणि लोक टवके उडाले म्हणून तिच्यावर टाइल चढवतात. मोझॅकचा वरचा थर म्हणजे सिमेंट आणि दगडाच्या चिपा. व्हाइट सिमेंटमध्ये ऑक्साइड रंग कालवायचा, जुळणाऱ्या चिपा बोटाने एक एक बसवायच्या, आठवडाभर ओलं ठेवायचं आणि मशीन फिरवायचं. भरलेली जागा नंतर मला स्वतःला सापडत नाही.

बेसिन. काठावर टवका उडाला की आतलं अंग उघडं पडतं, कडा धारदार असतात, त्यामुळे आधी बोट फिरवू नका. सिंहगड रोडला उन्हाळ्यात टँकर येत असेल तर टवक्यावर क्षारांचा पांढरा थर बसलेला असणार. व्हिनेगरचा बोळा अर्धा तास ठेवा, घासा, धुवा. (हेच व्हिनेगर संगमरवरावर किंवा कोट्यावर चुकूनही नको, ते दगड आम्लाने खाल्ले जातात.) मग एक पूर्ण दिवस कोरडं. भरायला पांढऱ्या रंगाचं इपॉक्सी किंवा अराल्डाइटमध्ये पांढरा रंग. बेसिनचा पांढरा कधी शुभ्र पांढरा नसतो, पिवळ्याचा एखादा कण लागतोच. एकदम ढीग भरू नका, दोन पातळ थर द्या, मध्ये एक रात्र. वरून नेलपॉलिश लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. महिन्या-दोन महिन्यांत त्याचे पापुद्रे निघतात. एम-सीलचा राखाडी गोळा बसवलेली बेसिनं तर मी इतकी काढली आहेत की दिरांना माझा नमस्कार सांगा.

हे काठाच्या टवक्याचं झालं. बेसिनच्या भांड्यात आरपार रेघ असेल तर बदला. कमोडला तडा असेल तर त्याच दिवशी बदला, चिकटवू नका. माणूस बसलेला असताना ते फुटलं तर होणाऱ्या जखमा भयंकर असतात.

सनमायका हा जेमतेम एक मिलिमीटरचा पत्रा, आणि खाली काय आहे त्यावर सगळं ठरतं. कोपरा मोबाइलच्या टॉर्चने बघा. थरावर थर दिसले तर प्लाय, भुसा दाबल्यासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ. प्लाय असेल तर तुटका तुकडा चिकटवा, वर टेप लावून वही-पुस्तकांचं वजन ठेवा, तुकडा नसेल तर जुळत्या रंगाची मेणाची काडी घासून भरा. बोर्ड भुशाचा असेल तर उघड्या तोंडावर आधी इपॉक्सीचा पातळ हात मारून तोंड बंद करा. फडक्याचं पाणी आत गेलं की तो बिस्किटासारखा फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही. पाण्याच्या थेंबाला मनाई होती ती यासाठी. आधीच फुगला असेल तर सुतार आणि नवं शटर. वॉर्डरोब आहे, सिंकखालचं कपाट नाही, त्यामुळे बहुधा ही वेळ आली नसेल.

विचारलं नाहीत, पण नऊ वर्षांची इमारत आहे म्हणून सांगतो. छताच्या किंवा बीमच्या प्लास्टरचा टवका पडला आणि आत तपकिरी सळई दिसली, तर पुट्टी भरून रंग मारू नका. सळई गंजली की तिचं आकारमान कित्येक पटींनी वाढतं आणि तीच प्लास्टर ढकलून पाडते. तो विषय रंगाऱ्याचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. आणि वाड्यातल्या, जुन्या बंगल्यातल्या दारांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतात, त्यांचे पोपडे कोरडे घासू नयेत. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) वर नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या थरांत किती आहे कुणास ठाऊक. घरात लहान मूल असेल तर ओलं करून खरवडा आणि तेवढा वेळ त्याला आजीकडे पाठवा.

आता साडेसात हजार. त्या माणसाला प्रत्येक कामाची रक्कम वेगळी लिहून द्यायला सांगा. ग्रॅनाइटच्या कडेला तो जास्त मागत असेल तर भांडू नका, ते काम तेवढ्या मोलाचं आहे. टाइल आणि बेसिनचे आकडे मात्र गाळायला सांगा. छोट्या कामात मजुरी टवक्याच्या आकारावर नसते. मशीन, पॅडं, पाण्याची बादली घेऊन यायला अर्धा दिवस जातो, मग एक टवका भरा की सहा. त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, आणखी कुणाचा ओटा फुटलाय का. फुटलेला असतोच. चार घरं एका दिवसात झाली तर प्रत्येकाला परवडतं आणि आम्हालाही पेट्रोल परवडतं.

त्याला तीन गोष्टी विचारा. कशाने भरणार? ‘केमिकलने’ असं उत्तर आलं तर नाव विचारा. घासताना पाणी वापरणार का? आणि वर्षापूर्वी केलेल्या एखाद्या कामाचा आजचा फोटो आहे का? काम संपल्या संपल्या काढलेले फोटो सगळ्यांचे सुंदर असतात. शिवाय पहिला टवका गॅसच्या मागचा किंवा कोपऱ्यातला भरायला लावा. तो दिवसाउजेडी बघून पटला तर दर्शनी कड.

पावसाळा सुरू असेल तर घाई नको. दमट हवेत दगड आणि बेसिनचं अंग आतून वाळायला वेळ लागतो आणि ओल्यावर लावलेलं इपॉक्सी सालपटासारखं सुटतं. लावायचंच असेल तर हेअर ड्रायर दुरून दहा मिनिटं फिरवा, मग जागा पूर्ण गार होऊ द्या, मग लावा.

क्रम असा ठेवा. शुक्रवारी रात्री ग्रॅनाइटची कड आणि बेसिन साफ करून कोरडं सोडा. शनिवारी रात्री भांडी आवरल्यावर कपची चिकटवा आणि बेसिनचा पहिला थर द्या. रविवारी सकाळच्या उजेडात टाइलचा रंग जुळवा, बेसिनचा दुसरा थर रात्री. शुक्रवारपासून सोमवारी रात्रीपर्यंत बेसिनच्या नळाला जुनं फडकं घट्ट बांधून ठेवा. नुसतं सांगून भागत नाही, घरातलं कुणीतरी सकाळी अर्धवट झोपेत नळ सोडतंच.